युनिक्सचें बिऱ्हाड

माझ्या लिहिण्याच्या मेजावर गेल्या पावसाळ्यापासून एक चपटी, फिकट करड्या रंगाची पेटी बसली आहे. उंचीला चार बोटें, रुंदीला हातभर. घरीं येणारे विचारतात, 'गुरुजी, हें काय?' कोणाला ती ग्रामोफोनची पेटी वाटते, कोणाला लहानशी तिजोरी. वस्तुतः तो एक संगणक आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९४ सालीं बाजारांत आणलेलें स्पार्कस्टेशन ५ या जातीचें तें वर्कस्टेशन होय. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या आरेखन विभागांत त्यानें उमेदीचीं वर्षें काढलीं. पुढें तें अडगळींत गेलें. अखेर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याच्या बेतांत असतां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तें उचलून माझ्याकडे आणून ठेवलें. 'गुरुजी, हें आतां कोणत्याच कामाचें नाहीं. पण टाकवत नाहीं,' एवढेंच तो म्हणाला. सेवानिवृत्त माणसाला हें वाक्य ऐकून काय वाटलें असेल, तें मी सांगत बसत नाहीं.

या पेटीची कर्ती कंपनी आज स्वतंत्रपणें उरलेली नाहीं. २०१० च्या जानेवारींत ओरॅकलनें ती विकत घेतली. पण त्याच्या कितीतरी आधीं कंपनीनें स्वतःच या जातीच्या यंत्रांना निरोप दिला होता. तिची सोलॅरिस ९ ही २००२ सालची कार्यप्रणाली यांवर चालत असे. २००५ सालीं सोलॅरिस १० निघाली, तेव्हां हीं यंत्रें वगळण्यांत आलीं. अशा पोरक्या यंत्रावर आज एखादी जिवंत कार्यप्रणाली बसवितां येईल काय, आणि येत असेल तर ती कोणाच्या पुण्याईनें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी स्वतः केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. शाळेंत पहिला संगणक आला तेव्हां मुख्याध्यापकांनीं तो माझ्या गळ्यांत घातला, आणि तेव्हांपासून ही विद्या मीं पडत-धडपडत मिळविली. म्हणून विषय यंत्राचा असला तरी मी तो गोष्टीसारखा सांगणार आहे.

प्रथम कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हा शब्द उलगडूं. वाडा निराळा आणि वाड्याचा कारभारी निराळा. संगणकांतहि लोखंड निराळें आणि त्याचा कारभार पाहणारी प्रणाली निराळी. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, स्मृतींतील कोणती जागा कोणाला तोडून द्यावी, तबकडीवरचें दप्तर कसें लावावें, दारीं आलेल्याला आंत घ्यावें कीं नाहीं, हें सारें हा कारभारी ठरवितो. १९६० च्या दशकांत प्रत्येक कंपनी वाड्याबरोबर आपला कारभारी देत असे, आणि तो त्या वाड्याबाहेर सहसा पाऊल टाकूं शकत नसे. कारण त्याचे सारे हुकूम त्या एका यंत्राच्या बोलींत लिहिलेले असत. यंत्र मोडींत निघालें कीं कारभारीहि संपला.

हा नियम मोडणारी युनिक्स ही प्रणाली, गंमत अशी कीं, एका दुर्लक्षित यंत्रावरच जन्मली. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळा मल्टिक्स नांवाच्या एका भव्य प्रकल्पांत सामील होती. १९६९ सालीं तिनें त्यांतून अंग काढून घेतलें. केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सोबती यांच्यापाशीं उत्साह उरला, पण यंत्र उरलें नाहीं. नव्या यंत्रासाठीं त्यांनीं केलेल्या मागण्या वरिष्ठांनीं फेटाळल्या. तेव्हां थॉम्प्सनच्या हातीं पीडीपी-७ हा फारसा कोणी वापरीत नसलेला लहान संगणक लागला. त्याची स्मृति अवघी ८ हजार शब्दांची, आणि प्रत्येक शब्द १८ द्विमान अंकांचा. आजच्या साध्या मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावलें नसतें. त्या तुटपुंज्या जागेंत युनिक्सचें पहिलें रूप उभें राहिलें. पुढें पेटंट विभागाला मजकूर जुळविण्याची सोय करून देण्याच्या बोलीवर पीडीपी-११ हें नवें यंत्र मिळालें, आणि १९७१ सालीं प्रणाली तेथें नांदूं लागली.

आतांपर्यंत तीहि यंत्राच्या बोलींतच लिहिलेली होती. निर्णायक गोष्ट घडली ती १९७३ सालीं. रिचीनें तयार केलेल्या सी या भाषेंत त्या दोघांनीं तिचा गाभा नव्यानें लिहून काढला. सी ही कोणत्याहि एका यंत्राची बोली नव्हे. तींत लिहिलेला मजकूर एखाद्या यंत्राच्या बोलींत उतरवून देणारा जो कार्यक्रम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. मराठी मजकूर एकच. मोडी जाणणाऱ्या कारकुनानें तो मोडींत उतरवावा आणि बाळबोध जाणणाऱ्यानें बाळबोधींत, तसें हें आहे. नव्या यंत्रासाठीं कारकून तेवढा नवा नेमावयाचा; मजकूर पुन्हां रचावयास नको.

आपणांपैकीं ज्यांची बदलीची नोकरी झाली असेल त्यांना बिऱ्हाड हलविणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. मीं स्वतः पांच गांवें पाहिलीं. ट्रंका, भांडीं, पुस्तकें, देव, सारें आपल्याबरोबर येतें. पण नव्या घरीं गेल्यावर कळतें कीं, जुन्या भिंतींतल्या खुंट्या आपल्या नव्हत्या. पडदे नव्या खिडक्यांना आंखूड पडतात. आणि रात्रीं संवयीनें जेथें हात जातो तेथें दिव्याचें बटण नसतें. आपलें कोणतें आणि घराचें कोणतें, हें पहिल्या घरांत राहून कधींच कळत नाहीं. तें घर बदलल्यावर कळतें.

युनिक्सला तें १९७७ सालीं कळलें. त्या सालीं पृथ्वीच्या दोन टोकांना दोन मंडळ्यांनीं स्वतंत्रपणें हें बिऱ्हाड हलविलें. ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या दक्षिणेस वॉलाँगाँग नांवाचें शहर आहे. तेथील विद्यापीठांत रिचर्ड मिलर यानें युनिक्स इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेलें. तिकडे बेल प्रयोगशाळेंत रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनीं त्याच घराण्यांतील इंटरडेटा ८/३२ हें यंत्र निवडलें. तें पीडीपी-११ हून पुरेसें निराळें होतें, हाच त्याचा गुण. सारख्याच घरांत बिऱ्हाड नेलें तर परीक्षा कसली?

थॉम्प्सननें १९७८ सालीं दिलेला हिशेब असा आहे. युनिक्सच्या गाभ्यांत सी भाषेच्या सुमारें १०,००० ओळी होत्या आणि यंत्राच्या बोलींतील सुमारें १,०००. त्या हजारांपैकीं २०० ओळी केवळ वेगासाठीं लिहिलेल्या. ८०० मात्र अशा, कीं त्यांचें काम सी मध्यें करणें शक्यच नव्हतें. म्हणजे अकरा ट्रंका, आणि त्यांतील एकच भिंतीला खिळलेली. कागदावर हें फार सोपें दिसतें. परंतु खरी अडचण त्या खिळलेल्या ट्रंकेची नसते. ती डोळ्यांना दिसते. अडचण असते ती उरलेल्या दहा ट्रंकांत नकळत भरून आलेल्या जुन्या घराच्या संवयींची.

यांतील एक संवय शाळामास्तराला सहज समजावितां येण्याजोगी आहे. आपण 'पंचवीस' म्हणतों तेव्हां पांच आधीं उच्चारतों आणि वीस मागून. लिहितांना मात्र २ आधीं मांडतों आणि ५ मागून. इंग्रज 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतो; त्याचें बोलणें आणि लिहिणें एकाच दिशेनें जातें. यांत चूक कोणाचीच नाहीं. पण मराठी माणसानें उच्चारलेले अंक इंग्रजानें ऐकूं येतील त्या क्रमानें मांडले, तर २५ चे ५२ होतील. यंत्रांचेंहि तसेंच आहे. पीडीपी-११ शब्दांतील लहान भाग आधीं ठेवी आणि मोठा मागून. इंटरडेटाची रीत याच्या उलट. एकाच यंत्रावर जन्म काढलेल्या कार्यक्रमाला दुसरी रीत असूं शकते, ही कल्पनाच नसते. या उलटापालटीची एक कथा जुन्या जाणत्यांत अजून सांगतात. नव्या यंत्रावर प्रणालीनें आपलें नांव छापलें, तेव्हां इंग्रजी चार अक्षरें जोडीजोडीनें उलटलीं आणि यू-एन-आय-एक्स ऐवजीं एन-यू-एक्स-आय असें उमटलें! १९८० सालीं डॅनी कोहेन यानें या दोन पक्षांना 'बिग-एंडियन' आणि 'लिटल-एंडियन' अशीं नांवें दिलीं. तीं त्यानें स्विफ्टच्या गलिव्हरकडून घेतलीं. अंडें जाड टोकानें फोडावें कीं बारीक टोकानें, यावरून त्या कथेंतील बुटक्या लोकांत युद्ध पेटलें होतें.

असो. १९८० च्या दशकांत वर्कस्टेशन नांवाची नवी जात पुढें आली. एक मोठा संगणक अनेकांनीं वांटून घ्यावयाचा, ही जुनी रीत सोडून प्रत्येक अभियंत्याच्या मेजावर त्याच्या एकट्याच्या हुकुमतीचें, मोठ्या पडद्याचें आणि जाळ्यानें इतरांशीं जोडलेलें यंत्र ठेवावयाचें, अशी ही कल्पना होती. सन कंपनी १९८२ सालीं निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठांत अँडी बेक्टोल्शाइम यानें रचलेल्या यंत्रावर ती उभी राहिली. 'सन' हीं आद्याक्षरें 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क' या शब्दांचीं. तिच्या संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म १९५५ सालीं पुण्यांत झालेला आहे. बर्कली येथें युनिक्सची नवी शाखा वाढविणारा बिल जॉय त्यांना लवकरच येऊन मिळाला. १९८७ सालीं सननें स्पार्क हा स्वतःचा प्रोसेसर पुढें केला. १९८९ चें स्पार्कस्टेशन १ इतकें चपटें होतें कीं लोक त्याला पिझ्झाची पेटी म्हणूं लागले. माझी पेटी त्याच घाटाची. सिलिकन ग्राफिक्स, हेवलेट-पॅकर्ड, डिजिटल, नेक्स्ट, प्रत्येकाचें यंत्र निराळें आणि युनिक्सहि आपापल्या वळणाचें. जी प्रणाली घर बदलावयास शिकली होती, तीच पुन्हां घरोघर कोंडली गेली. मूळ मजकूर कंपनीच्या कुलपांत, आणि यंत्राचें आयुष्य कंपनीच्या मर्जीवर!

हें कुलूप उघडण्याचें श्रेय प्रथम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींना द्यावें लागेल. युनिक्सवर वर्षानुवर्षें केलेल्या आपल्या कामाचा मोठा भाग त्यांनीं १९९१ सालीं सर्वांस खुला केला. त्या प्रकरणीं १९९२ सालीं दावा उभा राहिला आणि १९९४ च्या आरंभीं तो तडजोडीनें मिटला. दरम्यान, १९९३ सालीं, नेटबीएसडी हा प्रकल्प निघाला. क्रिस डेमेट्रिओ, थिओ डी राट, ॲडम ग्लास आणि चार्ल्स हॅनम हे त्याचे आरंभक. एकच प्रणाली जितक्या निरनिराळ्या यंत्रांवर नांदवितां येईल तितक्या यंत्रांवर नांदवावी, हें या प्रकल्पाचें ध्येय ठरलें. स्पार्कचें काम क्रिस टोरेक यानें लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत आधींच केलेलें होतें. त्याच्याच पायावर १९९४ च्या नेटबीएसडी १.० मध्यें स्पार्कला स्थान मिळालें.

या मंडळींनीं बिऱ्हाडाचा धडा पुरता गिरविला. जाळ्याशीं जोडणारें एखादें कार्ड घ्या. तें चालविणाऱ्या कार्यक्रमानें 'अमुक पत्त्यावरून चार बाइट आण' एवढेंच म्हणावें. तो पत्ता या यंत्रांत कोणत्या वाटेनें गांठावयाचा आणि बाइटांचा क्रम सुलटा आहे कीं उलटा, हें त्या यंत्राच्या खास भागानें पाहावें. अशी शिस्त पाळली म्हणजे एका यंत्रासाठीं लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्याहि यंत्रांत त्याच कार्डावर चालतो. खुंट्या घराच्या, कपडे आपले. मात्र कपडे कोणत्याहि खुंटीला अडकतील असे शिवलेले असले पाहिजेत.

लिनक्सची कथा याहून बोधप्रद आहे. १९९१ च्या ऑगस्टांत हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपली प्रणाली जाहीर केली, तेव्हां ती इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरला बांधलेली असून दुसरीकडे हलविण्याजोगी नाहीं, असें त्यानें स्वतःच कबूल केलें होतें. १९९४ सालीं डिजिटल कंपनींतील जॉन हॉल यानें त्याला अल्फा जातीचें ६४ द्विमानी यंत्र मिळवून दिलें. त्या अनोळखी यंत्रानें त्याला आपलें आणि घराचें वेगळें करावयास लावलें. १९९५ च्या मार्चमधील १.२ आवृत्तींत ३८६ च्या घराण्याबाहेरील प्रोसेसरांनाहि जागा झाली. आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनांत लिनक्सचाच गाभा नांदतो, आणि तेथील प्रोसेसर बहुधा आर्म जातीचा असतो. त्या स्थलांतराच्या शिस्तीवांचून हें घडलें नसतें. पुढें काळाचा न्याय असा, कीं २०१३ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ३.८ आवृत्तींतून त्या ३८६ चाच आधार काढून टाकण्यांत आला. जन्मघर पडलें, बिऱ्हाड चालू राहिलें.

कोणी विचारील, बहुतेक सर्व जग दोन-तीन जातींचे प्रोसेसर वापरीत असतां या दुर्मिळ यंत्रांची उठाठेव कशाला? याचें एक उत्तर स्पार्कच्या स्वभावांत आहे. चार बाइटांचा अंक उचलावयाचा असेल तर त्याचा पत्ता चारानें निःशेष भागला गेलाच पाहिजे, असा स्पार्कचा दंडक आहे. तो मोडणाऱ्या कार्यक्रमाला तो जागच्या जागीं थांबवितो. इंटेलचा प्रोसेसर अशा वेळीं सहसा कांहीं बोलत नाहीं. काम निभावून नेतो. परिणामीं, तेथें वर्षानुवर्षें खपलेली चूक स्पार्कवर पहिल्याच दिवशीं पकडली जाते. शाळेंत एक परीक्षक सर्वांना पास करतो आणि दुसरा समासाबाहेर गेलेली रेघहि दाखवितो. मुलांना दुसरा आवडत नाहीं; पण शुद्ध लिहावयास तोच शिकवितो. १९९५ सालीं नेटबीएसडींतून फुटून निघालेल्या ओपनबीएसडी प्रकल्पानेंहि निरनिराळे प्रोसेसर सांभाळण्याचें हेंच कारण सांगितलें आहे.

आतां माझ्या पेटीकडे येतों. तिला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. अशा वेळीं हें यंत्र मुकाट्यानें आपल्या सीरियल जोडाकडे वळतें. तेथें तार लावून ती मीं माझ्या लॅपटॉपला जोडली, सेकंदाला ९,६०० द्विमान अंकांचा वेग ठरविला आणि वीज सुरू केली. यंत्रांत कायमची कोरलेली ओपनबूट नांवाची एक लहान व्यवस्था असते. ती फोर्थ या भाषेंत बोलते आणि 'ओके' असें लिहून आज्ञेची वाट पाहते. तिला बेरीज सांगावयाची तर आधीं दोन, मग तीन, आणि शेवटीं अधिकचें चिन्ह द्यावें लागतें. इंग्रजी वाचणाऱ्याला हें उफराटें वाटतें. आपल्याला वाटूं नये, कारण आपल्या वाक्यांतहि क्रियापद शेवटींच येतें.

'ओके' दिसलें, पण त्याच्या आधीं एक तक्रारहि उमटली: यंत्राची ओळख ग्राह्य नाहीं! या यंत्रांत घड्याळ आणि ओळखपत्र एकाच चिपेंत असतें आणि तिची बॅटरी आंतच सीलबंद असते. अशा बॅटरीचें आयुष्य सुमारें दहा वर्षें. माझी पेटी तर तीस वर्षांच्या घरांतली. तेव्हां दोष वयाचा, आणखी कोणाचा नव्हे. बॅटरी संपली कीं यंत्र आपलें नांव विसरतें. आमच्या पेठेंतील मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणानें त्या चिपेचें डोकें कानशीनें घांसलें आणि बाहेरून नाण्याएवढी नवी बॅटरी डकवून दिली. मग ओळखीचे अंक पुन्हां एकेक करून भरावयाचे, आणि शेवटीं त्या सर्वांवरून काढलेला एक अंक ठेवावयाचा. हा अंक म्हणजे आपल्या जुन्या गणितांतला ताळा. तो जुळला नाहीं तर यंत्र स्वतःची ओळख मानीत नाहीं.

मीं अंक भरले. ताळा जुळला. तक्रार गेली. जाळ्यावरून प्रणाली मागविण्याची आज्ञा दिली, आणि यंत्र हांका मारूं लागलें: माझा पत्ता काय, कोणी सांगेल काय? उत्तर देण्यासाठीं लॅपटॉप सज्ज होता. पण तो बोलेना. दोन संध्याकाळी यंत्र हांका मारीत राहिलें आणि मी तारा तपाशीत राहिलों. तिसऱ्या दिवशीं चूक सांपडली, आणि ती माझीच होती. सनच्या जाळेओळखीचे पहिले तीन अंक ठरलेले असतात: आठ, शून्य आणि वीस. हे वीस सोळाच्या पायावरचे. म्हणजे आपले बत्तीस. मीं शहाणपणा करून त्यांचे बत्तीस केले आणि तेच भरले. परंतु 'ओके'च्या दारीं सारे अंक सोळाच्या पायावरच वाचले जातात. यंत्रानें भलतेंच नांव धारण केलें, आणि लॅपटॉपवरील यादींत त्या नांवाचा कोणी नव्हता. मग ताळा कसा जुळला? चुकलेल्या अंकांवरूनच काढला होता म्हणून! ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असें नव्हे, हें मीं छत्तीस वर्षें मुलांना बजावलें होतें.

पुढें आणखी एक सोळाचा हिशेब आला. जाळ्यावर यंत्राला जो पत्ता मिळतो, तोच सोळाच्या पायावर मांडून ते प्रणालीचा पहिला तुकडा त्या नांवानें मागतें. १९२ म्हणजे बारा सोळे आणि वर शून्य; १६८ म्हणजे दहा सोळे आणि वर आठ. दहाला 'ए' आणि बाराला 'सी' हीं अक्षरें योजलेलीं असल्यामुळें नांव होतें सी-शून्य-ए-आठ, आणि पुढें उरलेले अंक. सोळा आण्यांचा रुपया करणाऱ्या माझ्या आजोबांना हें माझ्याहून लवकर उमगलें असतें.

यानंतर मात्र वाट सरळ होती. २०२४ सालीं निघालेल्या नेटबीएसडी १० चा गाभा तारेवरून यंत्रांत शिरला, आणि आपल्याला काय काय सांपडलें तें ओळीनें सांगूं लागला: प्रोसेसर अमुक, स्मृति अमुक, तबकडी अमुक. १९९४ च्या घरांत २०२४ चा कारभारी दिवा घेऊन खोल्या मोजीत हिंडतो आहे, असें वाटलें. तबकडीचे भाग पाडणें आणि गठ्ठे उलगडणें यांत सकाळचे चहाच्या वेळेला आले, आणि प्रवेशाची ओळ उमटली.

पुढच्या रविवारीं तो विद्यार्थी आला. मीं सी मध्यें दहा ओळींचा एक कार्यक्रम लिहून ठेवला होता. त्यानें एक मोठा अंक स्मृतींत ठेवावा आणि त्याचे बाइट ज्या क्रमानें ठेवले गेले त्या क्रमानें छापावे. तोच मजकूर, एकहि अक्षर न बदलतां, लॅपटॉपवर चालविला आणि पेटीवरहि चालविला. दोन्हीकडे अंक तोच; बाइटांचा क्रम मात्र एकीकडे सुलटा, दुसरीकडे उलटा. तो या धंद्यांत वीस वर्षें आहे. म्हणाला, 'गुरुजी, हें पुस्तकांत वाचलें होतें. डोळ्यांनीं आज पाहिलें. आमच्याकडे आतां दुसऱ्या जातीचें यंत्रच नाहीं.'

श्रोतेहो, या पेटीची मी भलती थोरवी गाऊं इच्छीत नाहीं. ती मंद आहे. खिशांतला फोन तिच्याहून अनेक पटींनीं वेगवान आहे. आजची वेब-पानें तिला पेलत नाहींत. गुप्त जोडणीची किल्ली बनवितांना ती इतका वेळ घेते कीं मी मधल्या वेळांत मंडईंत जाऊन येतों. स्वतःची प्रणाली स्वतः कंपाइल करावयाची तर तिला दिवसांमागून दिवस लागतील. म्हणून तें काम दुसऱ्या वेगवान संगणकावर करून तयार गठ्ठे तिला दिले जातात. शिवाय तिचें हें दुसरें आयुष्य अक्षय नाहीं. ज्या ओपनबीएसडीचा मीं आतां उल्लेख केला, त्यानेंच २०१६ च्या ५.९ आवृत्तीनंतर ३२ द्विमानी स्पार्कचा निरोप घेतला. नेटबीएसडींतहि ही जात आतां दुसऱ्या पंगतीला बसते. ज्यांना तिची आस्था आहे त्यांनीं ती सांभाळावी, अशी तेथील व्यवस्था आहे. चूक पाहणारे, ती सुधारणारे आणि नवी आवृत्ति जुन्या यंत्रावर चालवून पाहणारे हात थांबले, कीं या पेटीचा दिवाहि मालवेल.

तरी पण तोंपर्यंत ती परीक्षकाच्या खुर्चींत बसलेली आहे, आणि तिची गरज तिच्यापेक्षां आपल्याला अधिक आहे. सगळेच एका घाटाच्या घरांत राहूं लागले म्हणजे भिंतींतल्या खुंट्याहि आपल्याच, असें वाटूं लागतें; आणि एखाद्या दिवशीं घर सोडण्याची पाळी आली, तर काय उचलावें हें कोणालाच आठवत नाहीं. १९६९ सालीं एका कोपऱ्यांतल्या यंत्रावर आरंभ झालेली प्रणाली आजवर टिकली, ती ज्या घरांत होती त्याच्या बळावर नव्हे. दर वेळीं घर बदलतांना कोणीतरी बसून आपलें आणि घराचें निवडून वेगळें केलें म्हणून.

जातांना विद्यार्थ्यानें विचारलें, 'मग गुरुजी, ही पेटी परत नेऊं का? कार्यालयांत ठेवतों.' मीं म्हटलें, 'ने. पण कपाटांत ठेवूं नकोस. तुमचा एखादा कार्यक्रम आठवड्यांतून एकदां तिच्यावर चालवून पाहात जा. ती ओरडली, तर तिच्यावर रागावूं नकोस; आधीं आपला कागद पुन्हां वाच.' त्यानें कबूल केलें आहे. येत्या दसऱ्याला तो ती नेणार आहे.